लक्ष्मीबाई टिळकांना आपण कवयित्री म्हणून कधी वाचणार?

गोदाकाठची – ६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला आमचा दहा-बारा जणींचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि ठरलेल्या पुस्तकावर बोलतो. या महिन्यात मी सुचवलं की २४ तारखेला जमू या. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई टिळक गेल्या. तीन दिवसांनी, २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या निमित्ताने आपल्या गावात मराठीचा मोठा उत्सव असतो आणि तो हवाच. पण २४ तारीख आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ता नसतो. बाई आपल्या जलालपूरच्या. १८६८ चा जन्म. नवरा म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. सोमेश्वरला धबधबा बघायला आपण सगळे जातो, तिथून जलालपूर ते कितीसं लांब!

तर सुचवलं, आणि जिच्या घरी बसलो होतो तिचे यजमान आतून म्हणाले, "स्मृतिचित्रे वाचा की. थोर आत्मचरित्र आहे. पण कवयित्री वगैरे म्हणू नका. टिळक नसते तर लक्ष्मीबाई झाल्याच नसत्या." ते निवृत्त प्राध्यापक आहेत, मोठे आहेत, मनानेही चांगले आहेत. बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. मला पटलं नव्हतं, तरी मी बोलले नाही. घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

म्हणून इथे विचारते. टिळक नसते तर खरंच लक्ष्मीबाई नसत्या का? आणि २४ ला आम्ही त्यांचं काय वाचावं? 'स्मृतिचित्रे' सगळ्यांची वाचून झाली आहेत. मला त्यांची कविता हवी आहे.

पंचवटीकर – ६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

जन्म पंचवटीत गेला आणि २४ तारखेचं आज कळतंय. धाग्याबद्दल आभार. वाचतोय.

तटस्थ_वाचक – ६ फेब्रुवारी, रात्री १०.५२

त्या सरांचं म्हणणं एकदम झटकून टाकू नका, गोदाकाठची. त्या काळाचा विचार करा. बाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे. घरात कवितेचा राबता, तोही नवऱ्यामुळे. अहमदनगरला तर बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. असं घर त्या काळात किती बायकांच्या वाट्याला आलं? सावित्रीबाईंनाही जोतीरावांनीच शिकवलं. एकोणिसाव्या शतकात घरातल्या पुरुषाने दार उघडल्याशिवाय बाईच्या हातात पाटी येत नव्हती. हे मान्य करण्यात बाईंचा अपमान कसला?

सुईदोरा – ६ फेब्रुवारी, रात्री ११.३०

तटस्थ, दार उघडलं हे मान्य. पण दार उघडणारा माणूस आतल्या बाईच्या तोंडून बोलत नसतो.

आणि त्याच माणसाने एक दार धाडकन लावलंही होतं, ते कसं विसरता? १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. बायको माहेरच्या माणसांत, पदरात लहानगा दत्तू. सगळ्या नात्यागोत्यांत तिचं काय झालं असेल? कुंकू लावायचं का नाही, नवरा आहे म्हणायचं का गेला म्हणायचं, इथपासून सुरुवात. पुढची काही वर्षं ती नवऱ्यापासून वेगळी राहिली. मला कायम वाटतं की तिच्या आवाजाची मुळं त्या एकटेपणात आहेत. शिकवायला टिळक होते, पण बोलायला ती शिकली ते टिळक जवळ नसताना.

मेतकूट_भात – ७ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सुईदोरा, शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

शिऊरकडचा – ७ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

आमचं गाव वैजापूर तालुक्यात, शिऊरजवळ. तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे, म्हणून राहवलं नाही.

तटस्थ म्हणतात, पुरुषाने दार उघडल्याशिवाय काही होत नव्हतं. मग बहिणाबाईंचं काय करायचं? १६२८ चा जन्म, वेरूळजवळच्या देवगावचा. नवरा ज्योतिषी, वेदपाठी, वयाने खूप मोठा. कोल्हापूरला असताना कीर्तनाचं वेड लागलं, वासराचा लळा लागला, ते वासरू गेलं, आणि स्वप्नात तुकोबांनी येऊन गुरुमंत्र दिला. आता तुकोबा पडले कुणबी, ही ब्राह्मणाची बायको. नवऱ्याने मारलं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, बाईंनी स्वतःच्या अभंगांत सांगितलंय. आपल्या नवऱ्याने आपल्याला मारलं हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने कवितेत लिहून ठेवलंय. आणि ती घर सोडून गेली नाही. संसारही केला, अभंगही केले. मी तर म्हणेन नवऱ्याने दार लावून घेतलं होतं आणि ही खिडकीतून बोलली.

लहानपणी आजी आम्हाला समाधीवर न्यायची. पायऱ्यांवर बसून शेंगा खायच्या आणि ती म्हणायची, "हिला लई मारलं रं, पन हिनं सांगितलं." शाळेत मास्तरांनी जे शिकवलं ते विसरलो, हे नाही विसरलो.

तटस्थ_वाचक – ७ फेब्रुवारी, सकाळी १०.००

शिऊरकडचा, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. "पुरुषाने दार उघडल्याशिवाय" हे माझं वाक्य मागे घेतो. पाटीपुरतं खरं आहे, आवाजापुरतं नाही.

पण एक प्रश्न उरतोच. संतकवयित्रींच्या मागे संप्रदाय होता. विठ्ठल होता, कीर्तन होतं, फड होता. म्हणजे ऐकणारे कान होते. लक्ष्मीबाईंच्या काळी छापील कविता आली, मासिकं आली, आणि तिथे संपादकापासून वाचकापर्यंत सगळे पुरुष. तिथे बाईला कान कोण देणार?

चर्चक – ७ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

माझं इथलं नाव ज्यावरून घेतलं ते सांगायची संधी मिळाली. आद्य मराठी कवयित्री म्हणजे महदंबा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांना इतके प्रश्न विचारायची की ते तिला कौतुकाने चर्चक म्हणत. रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचली, तेच 'धवळे'. लग्नघरी बायका म्हणतात ती गाणी.

म्हणजे बघा, मराठीतली पहिली नावानिशी कवयित्री लग्नातल्या गाण्याच्या चालीवर बोलते. जनाबाईला जातं आणि शेणाच्या गोवऱ्या पुरतात. मुक्ताबाई तर धाकटी बहीण, आणि रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, समजावते, ते ताटीचे अभंग. नाशिककरांना हे जास्त जवळचं, निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकला आहे. बहीण भावाला समजावते हा घरातलाच प्रसंग आहे. बायकांनी बोलायची भाषा कुणाकडून उसनी आणली नाही. ती घरात पडलेलीच होती, जात्यावर, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत.

मेतकूट_भात – ७ फेब्रुवारी, दुपारी १.१०

मध्येच एक शंका. "कवयित्री" का म्हणायचं? "कवी" म्हणून चालणार नाही का? डॉक्टर बाईंना आपण डॉक्टरीण म्हणत नाही हल्ली.

पंचवटीकर – ७ फेब्रुवारी, दुपारी १.३२

आमची आई अजून म्हणते डॉक्टरीणबाई, आणि डॉक्टरीणबाईंना ते आवडतं. तपासणीची फी मात्र तेवढीच घेतात.

गोदाकाठची – ७ फेब्रुवारी, दुपारी ३.००

मेतकूट, वेगळा धागा काढ गं, मला त्यावर खूप बोलायचंय. इथे नको.

चर्चक, तुम्ही जे लिहिलंत ते वाचून लक्ष्मीबाईंची भाषा आठवली. त्यांचं गद्यसुद्धा वाचताना कानात ऐकू येतं. समोर बसून, पदराने घाम पुसत कुणी सांगतंय असं.

वाचनवेडा – ७ फेब्रुवारी, रात्री ८.४५

तटस्थ यांनी सावित्रीबाईंचा उल्लेख एका वाक्यात केला, त्यावर थांबायला हवं. 'काव्यफुले' १८५४ चं. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाईंचा जन्मही झाला नव्हता. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल झेलणारी बाई त्याच वर्षांत कवितेचं पुस्तक काढते. आधुनिक मराठीत बाईचा आवाज छापील पानावर कुठून सुरू होतो हे बघायचं तर तिथे जावं लागतं. त्या कवितेत शिका, उठा, गुलामी टाका असं सरळ बोलणं आहे. कलाकुसर कमी आहे म्हणून समीक्षकांनी बाजूला ठेवली. मला वाटतं तिचं काम कलाकुसरीचं नव्हतंच. हाक मारायची होती, ती मारली.

एक विचारतो, राग मानू नका. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतर आपण अजून "तिला नवऱ्याने शिकवलं" इथेच का अडकतो? केशवसुतांना कुणी शिकवलं हे कुणी विचारतं का? मास्तरांनीच शिकवलं असणार ना?

तटस्थ_वाचक – ७ फेब्रुवारी, रात्री ९.०५

हे मात्र मला आजवर सुचलं नव्हतं.

मिशन_कंपाउंड – ८ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

मी शरणपूरचा. बाहेरच्यांसाठी सांगतो, शरणपूर रोड आज सगळ्यांना दुकानांसाठी आणि ट्रॅफिकसाठी माहीत आहे, पण ते नाव शरण आलेल्यांचं पूर असं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे मिशनने वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंसुद्धा इथे राहून शिकली. त्यातलेच काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेले. असो, विषयांतर झालं.

आमच्या घरी 'ख्रिस्तायना'ची, म्हणजे ख्रिस्ताच्या आयुष्यावरच्या महाकाव्याची, एक जुनी प्रत होती. पुठ्ठा सुटलेला, वडिलांनी सुतळीने बांधलेली. आमच्यात कुणी वारलं की रात्री बसून वडील मोठ्याने वाचायचे. ओवी आहे ती, म्हणून कानाला ज्ञानेश्वरीसारखीच लागते. मिशन कंपाउंडातल्या म्हाताऱ्या, ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही तुकडेच्या तुकडे पाठ. मी लहान असताना मला वाटायचं सगळं टिळकांचंच आहे. वडिलांनी एकदा बोट ठेवून दाखवलं, "इथपर्यंत साहेबांचं. इथून पुढे आजीचं." आम्ही लक्ष्मीबाईंना आजीच म्हणायचो, नातं काही नसताना.

आता गोदाकाठची, त्या सरांना हे सांगा. टिळक ९ मे १९१९ ला गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, अकरा अध्यायांवर. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. अकरा आणि चौसष्ट. शाळेत न गेलेली, पन्नाशीतली विधवा बाई नवऱ्याचं थांबलेलं महाकाव्य हातात घेते आणि त्याच्या सहापट जवळजवळ एकटी लिहिते. तेव्हा शिकवायला टिळक नव्हते, सुधारून द्यायला नव्हते, शाबासकी द्यायला नव्हते. टिळक नसते तर लक्ष्मीबाई झाल्या नसत्या म्हणतात ना, मग लक्ष्मीबाई नसत्या तर टिळकांचं ते काव्य अकराव्या अध्यायालाच उभं राहिलं असतं.

सुईदोरा – ८ फेब्रुवारी, सकाळी ८.५०

अंगावर काटा आला. अकरा आणि चौसष्ट!

गोदाकाठची – ८ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

दादा, मी हे आकडे वाचले होते, पण असे कधी समोर मांडून बघितले नव्हते. त्या दिवशी हे सुचलं असतं तर! २४ ला आधी हेच सांगणार. आणि ती सुतळी बांधलेली प्रत अजून आहे का?

मिशन_कंपाउंड – ८ फेब्रुवारी, सकाळी ११.०० 

आहे. माझ्याकडेच आहे. पानं फार नाजूक झालीत, पण २४ ला घेऊन येतो. बायकांचा कट्टा आहे, मी आलेलं चालेल ना?

गोदाकाठची – ८ फेब्रुवारी, सकाळी ११.०४

चालेल काय, तुम्हाला यावंच लागेल.

कोकणातून_नाशकात – ८ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

मी थोडा वेगळा सूर लावतो. ख्रिस्तायन मोठं आहे, पण ते नवऱ्याच्या आराखड्यावर उभं राहिलेलं काम आहे. धर्मग्रंथाची चौकट आहे. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच ओवीत आणलं होतं, म्हणजे वाट मळलेली होती. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आवाज शोधायचा तर 'भरली घागर' या त्यांच्या संग्रहातल्या स्फुट कविता वाचायला हव्यात. त्यात त्या पत्नी, आई, शेजारीण म्हणून बोलतात. घरातला विनोद आहे, रुसवा आहे, मुलाबाळांचं आहे. चौसष्ट अध्यायांची चिकाटी मला नमस्कार करायला लावते. पण आवाज म्हणाल तर तो मला या छोट्या कवितांत जास्त ऐकू येतो.

मिशन_कंपाउंड – ८ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०

तुमचं अर्धं पटलं. अर्धं नाही पटलं, कारण चौकट कुणाचीही असो, आत बोलतं कोण ते महत्त्वाचं. आमच्या म्हाताऱ्यांना जे तुकडे पाठ होते ते सगळे पुढच्या भागातले, आजीच्या भागातले. का? कारण त्यातल्या बायका ओळखीच्या वाटायच्या.

चर्चक – ८ फेब्रुवारी, रात्री ९.३०

कोकणातून_नाशकात आणि मिशन_कंपाउंड, तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगताय. चौकट उसनी, बोली स्वतःची. महदंबेचंही तेच. विवाहाची कथा पुराणातली, बोली लग्नघरची.

आणखी एक. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याबद्दल 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या सगळ्यांना आठवत असेल. सत्तावन्नच्या बंडात बाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धसक्यात वडिलांना विटाळाचं वेड लागलं. बाजारातून आलेलं धान्य धुवायचं, हे धुवायचं, ते धुवायचं. सगळं घर त्या वेडापायी पाण्यात. जिचं बालपण असं गेलं ती बाई पुढे एक दिवस ठरवते की माणसाच्या हातच्या पाण्याने माणूस बाटत नाही, आणि हे ती स्वतःच्या मनाने ठरवते, बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. मला तिच्या कवितेची किल्ली इथे सापडते. नवरा धर्म बदलून गेला म्हणून ती मागून गेली असं नाही. वर्षानुवर्षं ती अडून राहिली, स्वतःची वेगळी चूल ठेवली, आणि स्वतःला पटलं तेव्हा उठली. अशी बाई कविता लिहिते तेव्हा ती कुणाची सावली असेल?

मेतकूट_भात – ८ फेब्रुवारी, रात्री ९.४८

तिचं माहेरचं नाव मनकर्णिका होतं ना? मनू गोखले. लग्नात नाव बदललं आणि लक्ष्मी झाली. मला हे नेहमी खुपतं. माझंही बदललं होतं, बारा वर्षांपूर्वी, तांदळात अंगठीने लिहून. अजून कुणी जुन्या नावाने हाक मारली की मी पटकन वळते, नव्या नावाला एक क्षण लागतो. तिने जलालपूरची मनू किती जपून ठेवली होती, साठी ओलांडल्यावर १९३४ पासून आठवणी छापून आल्या तर त्यातली मनू अगदी ताजी आहे.

शिऊरकडचा – ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, तुमचं जुनं नाव सांगा, आम्ही त्याच नावाने हाक मारू.

मेतकूट_भात – ८ फेब्रुवारी, रात्री १०.२०

इथे मेतकूटच बरं. गरम भातावर तूप घातल्यासारखं वाटतं.

सुईदोरा – ९ फेब्रुवारी, पहाटे १२.५०

झोप येईना म्हणून लिहिते. जरा लांबेल.

आम्ही सिन्नरचे. माझी आजी, आईची आई, विड्या वळायची. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका वळायच्या. दुपारी जेवणं उरकली की ओसरीवर सुपं मांडून बसायच्या. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली. पान मापाने कातरायचं, तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. हात एवढे भरभर चालायचे की मला दोरा दिसायचाच नाही, गाठच दिसायची. आजीच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम पिवळं आणि एका बाजूने झिजलेलं.

आणि वळता वळता ती ओव्या म्हणायची. जात्यावरच्या पहिल्या माझ्या ओवीपासून सुरुवात व्हायची. जातं केव्हाच गिरणीने नेलं होतं, पण ओवी राहिली होती. मग हळूहळू तिच्या स्वतःच्या यायच्या. शेजारणी म्हणायच्या, "ही कुठली गं?" आजी म्हणायची, "असंल कुठली तरी." आपली आहे असं कधीच सांगितलं नाही. आजोबा ओसरीवर आले की गप्प. ते काही वाईट नव्हते, मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. पण एकदा चारचौघांत हसून म्हणाले होते, "आमच्या घरात कवी जन्मला बरं का." सगळे हसले. त्यानंतर आजोबा असताना आजीच्या तोंडून ओवी कधी आली नाही. मी आठ वर्षांची असेन, मला ते हसणं अजून आठवतं.

आईला आजीच्या चार-पाच ओव्या येतात. एक अशी आहे:

दीस बुडाला गं बाई, सुपामंदी उरली पानं
सुपाला ठावं हाये, माझ्या पोटातलं गानं

गोदाकाठची, तुम्ही लिहिलंत ना की घशात अडकल्यासारखं झालं, ते वाचलं तेव्हापासून आजी डोळ्यांसमोर आहे. तिला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. नुसतं हसले.

पंचवटीकर – ९ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

सकाळचा चहा गार झाला. काय बोलू.

वाचनवेडा – ९ फेब्रुवारी, सकाळी ८.००

"सुपाला ठावं हाये." ताई, आईंकडून उरलेल्या चारही लिहून घ्या. आजच घ्या. रेकॉर्ड करा, मोबाइल आहेच. आईंना आजीच्या आवाजाची चाल येत असेल तर ती आधी घ्या, शब्द नंतर.

तटस्थ_वाचक – ९ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

सुईदोरा, मी परवा "बाईला कान कोण देणार" असं विचारलं होतं. तुमच्या आजीला शेजारणींचे कान होते आणि एका हसण्याने ते पुरेनासे झाले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत टिळकांचं खरं देणं कदाचित इथे असेल. ते तापट होते, व्यवहारशून्य होते, सोडूनही गेले. पण बायकोच्या कवितेला ते हसले नाहीत, त्यांनी ती ऐकली. मी त्यांना श्रेय द्यायचंच म्हणतो, पण एवढंच. ऐकण्याचं. लिहिण्याचं सगळं तिचं.

सुईदोरा – ९ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

हे मला पूर्ण मान्य.

कोकणातून_नाशकात – ९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

मलाही. मूळ प्रश्नाकडे येऊ या का? २४ ला काय वाचायचं ते ठरलं नाही अजून. माझं मत: 'भरली घागर'मधल्या तीन-चार कविता, मग ख्रिस्तायनातला अकराव्या-बाराव्या अध्यायाचा सांधा, म्हणजे टिळक थांबतात आणि बाई सुरू होतात तिथली पानं. दोन्ही बाजूच्या ओव्या सलग वाचा, काही न सांगता. ऐकणाऱ्यांना हात कुठे बदलला ते ओळखायला सांगा.

गोदाकाठची – ९ फेब्रुवारी, सकाळी १०.४५

ठरलं! हेच करू. सुईदोरा, सिन्नर काही लांब नाही. तुम्ही आईंना घेऊन या. गाडीची सोय करते.

गोदाकाठची – २५ फेब्रुवारी, रात्री ८.२०

काल झालं. उशिरा लिहितेय, दिवसभर पाहुणे होते.

सतरा जणी आणि मिशन_कंपाउंड दादा. त्यांनी सुतळी सोडून प्रत उशीवर ठेवली, हातात धरवत नाही म्हणून. पानं उलटताना सगळ्यांचा श्वास रोखलेला. सांध्याची पानं दादांनीच वाचली, त्यांच्या वडिलांच्या चालीवर. मी आधी काही सांगितलं नव्हतं. हात कुठे बदलला ते सतरांपैकी नऊ जणींनी बरोबर ओळखलं. का ओळखलं विचारलं तर एक म्हणाली, "इथून पुढे मला पटापट कळायला लागलं."

मग मी अकरा आणि चौसष्ट सांगितलं. आवाज थोडा थरथरला, पण सांगितलं. सर आतल्या खोलीत होते, दार अर्धं उघडं. ते काही बोलले नाहीत.

सुईदोराची आई सगळा वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. चहा झाल्यावर लेकीने हळूच विचारलं, म्हणतेस का. त्या नको नको म्हणाल्या. मग पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. बोटं मांडीवर आपोआप चालत होती, पान दुमडून दोरा बांधल्यासारखी. पाचही ओव्या म्हणाल्या. सुपाची सगळ्यात शेवटी.

सर दारात येऊन उभे होते ते मी तेव्हा पाहिलं. हातात वही-पेन. म्हणाले, "आई, ती शेवटची परत म्हणता का? लिहून घेतो."

त्या म्हणाल्या, "भाऊ, लिहून नका घेऊ. या, बसा. माझ्यासंगं म्हणा."

आणि सर खाली सतरंजीवर बसले, आणि म्हणाले. चाल चुकली तर आईंनी परत घेतली. तीनदा.

पंचवटीकर – २५ फेब्रुवारी, रात्री ८.३१

मार्चमध्ये काय वाचताय? पुरुषांना प्रवेश असेल तर मीही येतो.

गोदाकाठची – २५ फेब्रुवारी, रात्री ८.३६

महदंबेचे 'धवळे'. प्रत शोधतेय, उद्या सार्वजनिक वाचनालयात विचारते. या तुम्ही. आईंनाही आणा, डॉक्टरीणबाई म्हणणाऱ्या.

चर्चक – २५ फेब्रुवारी, रात्री ८.४०

प्रत माझ्याकडे आहे. घेऊन येतो.